भाषक क्रमांक एक

भाषेचंसुद्धा शास्त्र असतं आणि ते शिकायला लोक विद्यापीठात जातात, हे माईंना कळलं तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मग आपण इतकी वर्षं या घराला फुकटच शिकवलं म्हणायचं.

बातमी सुनेनंच आणली. सून टेलिफोन कंपनीच्या तक्रार केंद्रात कामाला होती. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं, लोकांची बोलणी खायची आणि गोड आवाजात "आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत" म्हणायचं, हे तिचं काम. दुसरी कुणी असती तर संध्याकाळी डोकं धरून बसली असती. ही मात्र जिना चढता चढताच सुरू व्हायची, "माई, आज एका बाईंनी तक्रार करायला फोन केला आणि सगळा वेळ हवापाण्याचंच बोलल्या. तक्रार सांगितलीच नाही. तरी मला कळली."

"त्यात काय," माई म्हणायच्या, "चांगल्या घरची असणार."

सुनेला अशी उत्तरं इतकी आवडायची की ती माईंना ती पुन्हा म्हणायला लावायची. माईंच्या मते सुनेत हा एकच दोष होता, की तिला कशाचंही नवल वाटायचं. बाकी तिच्यात दोष नव्हते असं नाही, पण ते माई योग्य वेळी काढायच्या.

तर एका सकाळी चहा पिताना सुनेनं सांगून टाकलं, की तिला भाषाशास्त्रात एम. ए. करायचंय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कंपनी बिनपगारी रजा देते, पण यंदापुरतीच. पुढच्या वर्षी तक्रार केंद्रच दुसऱ्या गावी हलणार, मग रजा नाही आणि काहीच नाही. तेव्हा यंदा जमलं तर जमलं.

माईंचा मुलगा चष्मेवाला. दुकान खाली, घर वर. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि आईकडेच बघत राहिला. त्या घरात पंख्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे शेवटी माईंकडेच बघायचे.

"मी काय सांगणार," माई म्हणाल्या. "मी चौथी शिकलेली बाई. तुमचं तुम्ही बघा."

हे वाक्य माईंच्या तोंडून निघालं, की काम माईंनी हातात घेतलं असा त्या घरातला अर्थ होता. सुनेचे डोळे भरून आले. मुलाचेही आले, पण त्याची कारणं वेगळी होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. कळलं ते असं, की सुनेला विद्यापीठानं बोलावलंय. अजून अर्जाचा पत्ता नव्हता, पण होणारच असलेली गोष्ट आधी सांगितली तर त्यात खोटं काय, असं माईंचं साधं गणित होतं.

वरच्या मजल्यावर राहणारी परदेशवाली सगळ्यात आधी खाली आली. ती कधीतरी भावाकडे परदेशात काही आठवडे राहून आली होती, तेव्हापासून तिच्याकडे प्रत्येक विषयावर परदेशातलं एक मत तयार असे.

"किती भाषा येणार मग हिला?" तिनं विचारलं.

"भाषा नाही, भाषाशास्त्र. भाषा कशी चालते ते बघायचं."

"अगं बाई. म्हणजे नवीन एकही येणार नाही?"

"तुम्हाला एक येते ती पुरते ना?" माई म्हणाल्या. "पुरतेच की. आम्हाला उरतेसुद्धा."

समोरच्या शिंप्यानं, यातून नोकरी कुठली मिळते, असं विचारलं. माईंनी त्याला, तू माझ्या मुलाच्या पँटची उसवलेली शिवण आधी घाल, मग जगाच्या नोकऱ्यांचं बघू, असं सांगून परत पाठवलं. निवृत्त हेडमास्तर शेजारीच राहायचे. त्यांनी भाषाशास्त्र म्हणजे शुद्धलेखनच असं जाहीर केलं आणि सगळे कागद आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका म्हणून बजावलं. जुना लाल पेनही त्यांनी त्याच दिवशी शोधून काढला.

अर्ज तीन विद्यापीठांकडे करायचे ठरले. पहिल्यानं तत्परतेनं कळवलं, की जागा भरल्या. माईंना ही तत्परता उद्धटपणाची वाटली. दुसऱ्याला एक दाखला हवा होता. सुनेच्या पदवीच्या कागदांवर माहेरचं आडनाव आणि अर्जावर सासरचं, तेव्हा ह्या दोघी एकच बाई आहेत असं जुन्या कॉलेजानं लिहून द्यायचं. माई स्वतः सुनेबरोबर कॉलेजात गेल्या. खिडकीतल्या कारकुनानं दोन्ही कागद जवळजवळ धरून बघितले, लांब धरून बघितले.

"ही वेगळी, ही वेगळी. दोघी एकच कशावरून?"

"मी लग्नाला होते," माई म्हणाल्या.

"लेखी काही आहे का?"

"मी आता काही बोलत नाही," असं म्हणून माईंनी बोलायला सुरुवात केली. आतल्या टेबलांवरची टकटक थांबली. पलीकडच्या खोलीतून दोन माणसं नुसती ऐकायला आली. शेवटी वरच्या साहेबांनी बाहेर येऊन स्वतःच्या हातानं दाखला लिहून सही केली. पण शिक्क्याची पेटी ज्याच्या कपाटात होती तो जेवायला गेलेला होता, आणि तो निवांतपणे जेवणारा निघाला. दाखला हातात पडेपर्यंत दुसऱ्या विद्यापीठाची त्याच दुपारी संपणारी मुदत टळून गेली होती.

राहिलं तिसरं. हे सगळ्यात चांगलं, आणि म्हणूनच सगळ्यात नखरेल. त्यांना एक निबंध हवा होता, तीन मोठ्या माणसांची शिफारसपत्रं हवी होती आणि शेवटी मुलाखत. सून घाबरली. माईंना उलट उत्साह चढला. एकच दार उरलं म्हणजे कुठलं ठोठावायचं हा विचार करायला नको.

निबंध कशावर लिहायचा, हे सुनेच्या मनात आधीच पक्कं होतं. ती माईंपुढे येऊन उभी राहिली. "माई, तुमच्या बोलण्यावर लिहू का? तुमचं नाव कुठंही येणार नाही. निबंधात तुम्हाला 'भाषक क्रमांक एक' म्हणायचं."

माईंनी डाळ निवडता निवडता विचारलं, "आणि क्रमांक दोन कोण?"

"दोन कुणी नाही. एकच आहे."

"नसणारच," माई म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात दोन माणसं आनंदानं कामाला लागली. सून लिहीत होती आणि माई, आपल्यावर लिहिलं जातंय म्हणून, दुप्पट बोलत होत्या. गल्लीत आता असं होतं, की विद्यापीठात माईंचा पहिला नंबर आलाय. परदेशवालीनं परदेशात असं नसतं म्हणून बघितलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

निबंध पुरा झाला तेव्हा हेडमास्तर लाल पेन घेऊन आले. त्यांनी मोठ्यानं वाचावं, असं माईंनीच सुचवलं. परदेशवालीला आणि शिंप्यालाही बोलावणं गेलं. हेडमास्तरांचा आवाज शाळेच्या मैदानावर तयार झालेला होता, त्यामुळे बाकीच्या गल्लीला वेगळं बोलवायची गरज नव्हती.

सुरुवात सुरेख होती. भाषक क्रमांक एक कधीही काही मागत नाही, असं लिहिलं होतं. तिला पंखा हवा असेल तर 'आज वारा पडलेला दिसतो' म्हणते, आणि घरातलं कुणीतरी उठून पंखा लावतं. चहा हवा असेल तर 'तुमचा सगळ्यांचा चहा झाला असेल' म्हणते. तिला न आवडलेली गोष्ट ती कधी वाईट म्हणत नाही. 'असेल, तुमच्यात तसं करत असतील' म्हणते. ती 'मी आता काही बोलत नाही' म्हणते तिथून तिचं खरं बोलणं सुरू होतं. माई मान डोलवत होत्या. आपण इतकं नीटनेटकं वागतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

मग हेडमास्तरांनी पान उलटलं. "निष्कर्ष," त्यांनी दणक्यात वाचलं. "माझ्या निरीक्षणाच्या सबंध काळात भाषक क्रमांक एकनं 'माझं चुकलं' हे शब्द एकदाही उच्चारलेले नाहीत. स्वतःची चूक समोर आली, की ती बाजूनं वळसा घालून पुढे निघून जाते. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, तेव्हा तिनं कंपनीनं हल्ली मीठ फार खारट केलंय असं सांगितलं. कोणत्याही परिस्थितीत ही भाषक हे दोन शब्द उच्चारणार नाही, असं माझं..." इथं हेडमास्तरांना आपण काय वाचतोय ते कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "शुद्धलेखन उत्तम आहे," ते म्हणाले.

शिंप्याला अचानक टेबलावर तापत ठेवलेली इस्त्री आठवली. परदेशवाली मात्र हलली नाही.

"मी आता काही बोलत नाही," माई म्हणाल्या. आणि खरंच बोलल्या नाहीत.

घरात अशी शांतता पसरली, की मुलगा गिऱ्हाईक तसंच टाकून खालून धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

पुढचे काही दिवस माई सुनेशी बोलल्याच नाहीत. सांगायचं असेल ते भिंतीवरच्या घड्याळाला सांगायच्या. सून म्हणाली, "माई, मला वाईट म्हणायचं नव्हतं हो. तुमचं ते वळसा घालणं मला इतकं आवडतं. असं कुणालाच येत नाही." माई घड्याळाला म्हणाल्या, "हल्ली पुढं धावतं वाटतं." मिठाचं त्यांना विशेष लागलं होतं. त्या कंपनीनं खरोखरच मीठ खारट केलं होतं, पण आता ते कुणाला पटवायचं.

अशात शिफारसपत्रांची वेळ आली. सुनेनं तिघांना विचारून होकार घेतले होते: तिचे कॉलेजातले सर, तक्रार केंद्रातली वरिष्ठ बाई आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल. अर्जात त्या तिघांचे संगणकावरचे, ई-मेलचे पत्ते भरायचे, विद्यापीठ परस्पर त्यांना विचारणार, ते परस्पर लिहिणार, आणि अर्जदारानं त्यातलं अक्षरही बघायचं नाही. सून कामावर जाताना पत्ते लिहून नवऱ्याकडे ठेवून गेली. तो दुकानातल्या संगणकावर भरायला बसला आणि त्यानं सहज ही गुप्ततेची गोष्ट आईला सांगितली. पुष्कळ वर्षं चष्मे विकूनही त्याला पुढचं कधी दिसत नसे.

"म्हणजे," माई म्हणाल्या, "बाहेरच्या माणसांनी माझ्या सुनेबद्दल काहीबाही लिहायचं, आणि घरात कुणी वाचायचं नाही?"

"नियम आहे, आई."

"घरातल्या माणसानं घरातल्या माणसाबद्दल काय लिहिलं ते ऐकलंय मी. बाहेरची तर काय, मोकळीच सुटतील. आपल्या दुकानाचा पत्ता घाल."

"तिघांना?"

"तिघं कुठं वेगवेगळे राहतात? सगळे चष्म्याला इथंच येतात."

"आई, ते गुप्त असतं."

"अर्जदारानं बघायचं नाही असं आहे ना? मी अर्जदार आहे का? आणि मी कुणाला सांगते."

सुनेच्या अर्जाची बातमी गल्लीत कशी पोचली हे मुलाला आठवलं, पण त्यानं पत्ता घातला. माई सुनेवर रागावलेल्या होत्या हे खरं. पण रागावणं हे घरातलं काम होतं. बाहेरच्या कुणी तिच्याबद्दल एक शब्द उणा काढलेला त्यांना खपला नसता. तिची जागा हुकली तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं हाही प्रश्न होताच, पण माईंना विचाराल तर तो दुसरा.

सर आले. त्यांना, चष्म्याची दांडी सैल दिसते, असं माईंनी रस्त्यातच सांगून ठेवलं होतं. मुलानं चष्मा काढून घेतला आणि सरांना डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. चष्म्याशिवाय सरांना माई कुठं संपतात आणि पडदा कुठं सुरू होतो तेही दिसेना. ते सांगू लागले, मुलगा टंकू लागला.

"विद्यार्थिनी मेहनती आहे," सर म्हणाले.

"ज्याच्याबद्दल दुसरं काही सांगण्यासारखं नसतं, त्याला मेहनती म्हणतात," माई म्हणाल्या.

"मग हुशार लिहा."

"नुसती हुशार? तुमचे सगळे विद्यार्थी हुशारच असतील. असोत. माझं काय."

सर थोडे चाचरले. "वर्गात कधीमधी उशिरा..."

"ती उशिरा यायची नाही, बस उशिरा यायची. तुम्ही निवांत बसा सर, तुमच्या डोळ्यांना ताण नको. तुमच्या मनातलं मी नीट सांगते त्याला."

चष्मा परत मिळेपर्यंत सरांच्या मनातलं एक पानभर लिहून झालं होतं. दांडी मात्र पक्की बसवली होती. दुकानाच्या कामात खोट नसे.

तक्रार केंद्रातली बाई फ्रेम निवडायला आली आणि आरशासमोरून हललीच नाही. "तुम्हीच लिहा हो काय ते," ती म्हणाली. "हा लाल मला शोभतो का?" माईंनी लाल शोभतो असं सांगितलं, आणि देशाला ऐकू जाईल असं पत्र लिहून घेतलं. ग्रंथपाल आल्याच नाहीत. त्या फोनवर "चांगली मुलगी आहे, पुस्तकं वेळेवर परत करते" एवढंच म्हणाल्या. एवढ्या बियाण्यावर माईंनी तिसरं पत्र उभं केलं, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात छान झालं.

तिन्ही पत्रं गेली आणि माईंचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी त्यांनी घड्याळाला सोडून थेट सुनेला विचारलं, "जेवलीस का?" सुनेला वाटलं, राग गेला. तिला बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

गल्ली हलली. मुलाखत संगणकावरून होणार होती, तेव्हा दुकान दुपारी बंद ठेवायचं ठरलं. परदेशवालीनं कॅमेऱ्यासमोर कसं बसायचं ते दाखवलं, शिंप्यानं सुनेच्या कपड्यांना मागून टाचण्या लावल्या, हेडमास्तर शटरच्या बाहेर पहाऱ्याला बसले. सुनेच्या पाठीमागं डोळे तपासायचा अक्षरांचा फलक होता, तो हलवायचा राहून गेला. त्याच्या बाजूला पडदा आणि पडद्याआड माई. मुलगा काउंटरमागं उभा. आवाज करणार नाही, असं त्यांनी कबूल केलं होतं.

संगणकावर तीन माणसं आली. दोन दाढीवाले आणि मधे आखूड केसांच्या विभागप्रमुख बाई. सुरुवात छान झाली. दाढीवाल्यांना तक्रारीचे फोन फार आवडले. सून असं भरभरून बोलत होती, की माईंना पडद्याआड उगीचच गहिवरून आलं. पोरीला येत होतं की.

मग बाईंनी चष्मा लावला. "तुमच्या तीन शिफारशी आल्या आहेत. तिन्ही एकाच पत्त्यावरून. एका चष्म्याच्या दुकानातून."

सुनेचं तोंड उघडंच राहिलं.

"पत्त्याचं आम्ही एक वेळ सोडून दिलं असतं. पण हे ऐका. तुमचे प्राध्यापक लिहितात, 'मी आता काही बोलत नाही, पण अशी मुलगी शोधून दाखवा.' तुमच्या वरिष्ठ लिहितात, 'घ्यायचं नसेल तर नका घेऊ, तुमच्यात तसं करत असतील.' आणि ग्रंथपाल लिहितात, 'एवढंच सांगून ठेवते. माझं काय.'" बाईंनी कागद खाली ठेवला. "तुमचा निबंध वाचला नसता तर आम्हाला कळलंही नसतं. पण निबंध इतका चांगला आहे, की लगेच कळलं. हे भाषक क्रमांक एकचं बोलणं आहे. ते लिहिता येणारं माणूस आमच्या माहितीत एकच, तुम्ही. स्वतःच्या शिफारशी स्वतः लिहिल्या असतील, तर अर्ज इथंच रद्द होतो. तुम्हाला काही सांगायचंय?"

सुनेनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. एकदाच. तिला सगळं कळलं होतं. आता ती सांगणार, आणि सांगायलाच हवं, असं माईंना वाटलं. एक वाक्य, की सुटली.

"नाही," सून म्हणाली. "मी लिहिलेल्या नाहीत. पण कुणी लिहिल्या ते मी सांगणार नाही."

पडद्याआड माईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. संगणक जुना आहे. मुलाला टंकता येत नाही. सरांना दिसत नाही. विद्यापीठानंच पत्ते नीट विचारायला हवे होते. एकाहून एक वळसे, रांगेत उभे. आयुष्यात कधी कमी पडले नव्हते, आजही पडले नसते. फक्त कुठल्याही वळशानं गेलं तरी ही पोर मधेच उभी होती.

माई पडदा सारून बाहेर आल्या.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

"क्रमांक एक," माई म्हणाल्या.

दोन्ही दाढ्या पुढं सरकल्या. माईंनी सगळं सांगितलं. चष्मा, फ्रेम, फोन, काही लपवलं नाही. बोलताना एकदा त्यांची नजर मुलाकडे गेली, तर त्यानं सवयीनं अपराधी चेहरा करून ठेवला होता. माईंनी त्याच्यावरून नजर काढून घेतली.

"म्हणजे यात चूक कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझं चुकलं," माई म्हणाल्या.

शटरबाहेर हेडमास्तरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुलगा स्टुलावर बसला. माई वाट बघत उभ्या राहिल्या. इतकं मोठं काही बोलल्यावर पुढं काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं. पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या.

"माई," सून हळूच म्हणाली, "काय केलंत हे. माझा निष्कर्ष गेला."

"गेलाच," बाई म्हणाल्या. "कोणत्याही परिस्थितीत उच्चारणार नाही, असं लिहिलंय तुम्ही."

"नाही, पण थांबा," सून खुर्चीत पुढं सरसावली. तिचे डोळे जिन्यात चमकायचे तसे चमकू लागले. "घरात नाही म्हणाल्या त्या. परक्यांसमोर म्हणाल्या. आणि स्वतःला वाचवायला नाही, दुसऱ्यासाठी म्हणाल्या. म्हणजे चूक कुणापुढं आणि कुणासाठी कबूल करतात हे मी बघायलाच हवं होतं, मी फक्त मीठ बघत बसले." एक दाढीवाला म्हणाला, एका उदाहरणावरून असं सांगता येणार नाही. दुसरा म्हणाला, येईल. सून दोघांशीही भांडू लागली. बाई भराभर काहीतरी लिहून घेऊ लागल्या. अर्ज रद्द होणार होता हे चौघंही विसरली.

माई मधे उभ्याच. जन्मात एकदा बोललेली गोष्ट, आणि ही मंडळी ती सुटा स्क्रू असल्यासारखी उलटून पालटून बघत होती. कुणी बसा म्हणालं नाही, कुणी पाणी विचारलं नाही.

"मी आता काही बोलत नाही," माई म्हणाल्या.

चौघंही एकदम गप्प झाली आणि ऐकायला सावरून बसली. हे मात्र माईंना बरं वाटलं.

शेवटी बाईंनी निकाल दिला. आलेली पत्रं बाद. तिघांनी आपापल्या पत्त्यावरून, आपापल्या शब्दांत, मुदतीच्या आत नवी पाठवायची. "आणि आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही."

आजी. माईंनी तेही गिळलं. त्या आठवड्यात त्यांनी काय सोसलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. सर रोज दुकानावरून जायचे. एकदा थांबून म्हणाले, "पाठवलं हं मी, परवाच." काय लिहिलंत, हा प्रश्न माईंच्या ओठांपर्यंत आला. तिथं त्यांनी त्याला धरला.

"दांडी घट्ट आहे ना?" माईंनी विचारलं.

"आहे."

"मग झालं तर."

प्रवेश मिळाला. निबंधाचा निष्कर्ष पुन्हा लिहायचा, एवढी एक अट. सून जिन्यावरून ओरडत आली, मुलानं गिऱ्हाइकाच्या नाकावर भलताच चष्मा चढवला, आणि जिला माई कधीच सांगून बसल्या होत्या ती गल्ली नव्यानं पेढ्या-बर्फीशिवाय गोड बोलून गेली. हेडमास्तर तेवढे रेंगाळले. "माई," ते हसू दाबत म्हणाले, "त्या दिवशी शटरबाहेर मी काहीतरी ऐकलं बुवा. तुमचं चुकलं म्हणे."

"त्या दिवशी तेवढं म्हणाले नसते," माई म्हणाल्या, "तर चुकलं असतं."

हेडमास्तरांनी लाल पेन परत खिशात घातला.

निघायच्या दिवशी सून सामान दारात ठेवून उगीचच घुटमळत होती. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या.

"वसतिगृहाची खोली बरी आहे म्हणे," ती दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाली. "एकटीलाच आहे, पण खुर्च्या दोन दिल्यात."

माईंनी तिच्याकडे नीट बघितलं. ही पोर आजवर जे हवं ते तोंड उघडून मागायची. क्रमांक दोन तयार झाला होता तर.

"एक परत करून टाक," माई म्हणाल्या. "उगीच अडगळ. मी काही येणार नाही बाई."

सून खाली मान घालून हसली आणि जिना उतरली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत माई खिडकीत उभ्या होत्या. मग आत वळून, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "माझी ती लहान पिशवी माळ्यावर धूळ खात पडली असेल."

मुलगा शिडी आणायला धावला.